क्रीडा संपादकांना खुले पत्र: मरण छापता, निकालही छापा

मराठी दैनिकांच्या सर्व क्रीडा संपादकांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

विषय मोटारसायकलच्या शर्यतींचा आहे. हे वाचल्याबरोबर पत्र वाहन पुरवणीच्या टेबलाकडे किंवा गुन्हे वार्ताहराकडे सरकवण्याचा मोह होईल. कृपया सरकवू नका. आजवर हा विषय त्या दोन टेबलांवरच फिरत राहिला, हीच माझी तक्रार आहे.

२८ सप्टेंबर २०२५ चा रविवार घ्या. दुबईत रात्री आशिया चषकाचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध पाकिस्तान. त्याच दिवशी, आपल्याकडे दुपारचे बारा वाजायच्या आत, जपानमधल्या मोतेगीच्या ट्रॅकवर स्पेनचा मार्क मार्केझ मोटोजीपीचा, म्हणजे मोटारसायकल शर्यतींच्या सर्वांत वरच्या जागतिक गटाचा, जगज्जेता झाला. जुलै २०२० मध्ये हेरेझला पडून त्याच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं होतं. त्यावर चार शस्त्रक्रिया झाल्या. मध्येच एकाचे दोन दिसायला लागले आणि पुन्हा घरी बसावं लागलं. ज्या होंडावर सगळं नाव कमावलं तिचा मोठा करार सोडून तो एका छोट्या संघाच्या, आदल्या वर्षीच्या डुकाटीवर जाऊन बसला. तिथून पुढच्या वर्षी कारखान्याच्या मुख्य संघात गेला, आणि २०१९ नंतर सहा वर्षांनी पुन्हा विजेता झाला. वरच्या गटातलं त्याचं हे सातवं विजेतेपद.

मी दोन मराठी दैनिकं घेतो. सोमवारी एकात याच्या चार ओळी होत्या, दुसऱ्यात तेवढ्याही नव्हत्या. सोमवारबद्दल माझं काही म्हणणं नाही. पाकिस्तानला हरवलं, वर चषक कोणाच्या हातून घ्यायचा यावरून मध्यरात्रीपर्यंत तमाशा चालला. अशा दिवशी पानावर दुसरं कोण मावणार? माझी तक्रार मंगळवारची आहे, बुधवारची आहे, आणि त्यापुढच्या रविवारच्या पुरवणीची आहे. तोवर क्रिकेट निवलं होतं. जागा होती. त्या जागेत कसोटी संघात कोणाला घ्यावं यावर एका माजी खेळाडूचे अंदाज होते.

बरं, मोतेगीची ती शर्यत मार्केझने जिंकलीच नव्हती. तो दुसरा आला, विजेतेपदाला तेवढं पुरलं. शर्यत जिंकली फ्रान्चेस्को बान्यायाने, आणि तीही शेवटी-शेवटी त्याच्या गाडीतून धूर निघत असताना. आता हा बान्याया मराठी वाचकाच्या ओळखीचा असायला हवा होता. २६ जून २०१६ रोजी नेदरलँड्समधल्या आसेनला त्याने मोटो३ या सर्वांत खालच्या जागतिक गटात आयुष्यातली पहिली ग्रां प्री जिंकली, ती महिंद्राच्या मोटारसायकलवर. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीची ती जागतिक स्पर्धेतली पहिली जीत. महिंद्राने २०११ मध्ये १२५ सीसी गटात पाऊल ठेवलं आणि त्याच मोसमाच्या अखेरीस वॅलेन्सियाला डॅनी वेबने त्यांच्या गाडीवर पहिल्या क्रमांकावरून सुरुवात करण्याचा मान मिळवला. मग इटलीतल्या बेसोझ्झो गावात त्यांनी कार्यशाळा थाटली. २०१३ मध्ये मिगेल ओलिव्हेराने मलेशियात पहिल्या तिघांत जागा मिळवली. २०१६ मध्ये बान्याया दोनदा जिंकला. २०१७ च्या शेवटी कंपनीने हा खेळ सोडला. बान्याया मात्र थांबला नाही. २०२२ आणि २०२३, सलग दोन वर्षं तो मोटोजीपीचा जगज्जेता झाला.

या सात वर्षांत एखादा मराठी वार्ताहर बेसोझ्झोला जाऊन आला असता तर काय बिघडलं असतं? परदेश दौऱ्याचा खर्च नको, कांदिवलीच्या कारखान्यातल्या कामगारांना विचारलं असतं तरी एक रविवार भरला असता. आमच्या महाराष्ट्रातली कंपनी युरोपात होंडा आणि केटीएमशी झुंजते आणि त्यांना हरवतेही, ही बातमी मराठी पेपराची नसेल तर मग कोणाची?

मी चिंचवडला राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात सुट्या भागांच्या तपासणीचं काम करतो. आमच्या शॉपवर सोमवारी सकाळच्या चहाला आदल्या दिवशीच्या शर्यतीची चर्चा होते. टायर कुठला निवडला, कोण कुठे रुंद गेला, कोणाला लाँग लॅपची शिक्षा झाली, सगळं. ही मंडळी इंग्रजी वेबसाइट वाचून किंवा मोबाइलवर तुकडे बघून हे जमवतात. घरी मराठी पेपर येतो; त्यात कबड्डी, कुस्ती, बुद्धिबळ सगळं वाचतात. केटीएमच्या छोट्या गाड्या चाकणला बनतात, बजाजची त्या ऑस्ट्रियन कंपनीत २००७ पासून भागीदारी आहे, हे या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने ऑस्ट्रियात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आणि २०२५ मध्ये बजाजने पैसा घालून ती सावरली, तेव्हा आपल्या अर्थपानांवर बातम्या आल्या आणि चांगल्या आल्या. पण आमच्या चहाच्या टपरीवरचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या शर्यतीच्या संघाचं काय होणार? २०२० मध्ये ब्रनोला ब्रॅड बाइंडरने ज्यांना पहिला मोटोजीपी विजय मिळवून दिला, तो संघ उरणार की नाही? हा प्रश्न अर्थपानाचा नव्हता आणि क्रीडापानाला तो माहीतच नव्हता.

आता जे छापलं जातं त्याविषयी.

मोटारसायकलची शर्यत आपल्या पेपरात येते ती मुख्यत्वे तीन वाटांनी. पहिली वाट गुन्हेवृत्ताची. रात्री महामार्गावर पैज लावून गाड्या पळवणारी टोळकी, पुलावर पुढचं चाक उचलणारी अल्पवयीन पोरं, "धूम स्टाईल" पळालेले सोनसाखळी चोर. हे छापायलाच हवं, पोलिसांनी पकडायलाच हवं. पण त्या बातमीशेजारी "प्रातिनिधिक छायाचित्र" म्हणून आपण काय लावता? गुडघा डांबराला टेकवून वळण घेणारा, पायापासून मानेपर्यंत चामड्याचा पोशाख घातलेला, परवाना घेतलेला स्पर्धक. आजवर असा फोटो मी चिंचवड-निगडीच्या अपघाताच्या बातमीत पाहिला आहे. कुस्तीच्या आखाड्याचा फोटो भांडणाच्या बातमीत लावण्यासारखं आहे ते. ज्या घरातलं पोरगं "मला ट्रॅकवर जायचंय" म्हणतं, त्या घरातल्या आईबापांनी या खेळाचं एवढंच चित्र पाहिलेलं असतं. मग ते नाही म्हणतात. पोरगं ट्रॅकवर जात नाही, बायपासवर जातं.

दुसरी वाट जाहिरातीची. सणासुदीला पहिल्या पानावर अख्ख्या पानभर गाडी झुकलेली असते आणि ओळ असते की हे तंत्र शर्यतीतून आलं. जाहिरातीत शर्यत चालते, बातमीत चालत नाही, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. वाहन पुरवणीतल्या मंडळींना कंपन्या ट्रॅकवर नेतात. टीव्हीएस तर पत्रकारांना रीतसर शिकवून त्यांचीच एक शर्यत भरवते. तिथून आलेला मजकूर गाडीबद्दल असतो. त्याच ट्रॅकवर त्याच आठवड्यात राष्ट्रीय स्पर्धा कोण जिंकलं, ते त्यात नसतं.

तिसरी वाट मरणाची. हिच्यावर जरा थांबतो.

५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर, राष्ट्रीय स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत, नवोदितांच्या शर्यतीत बेंगळूरूचा तेरा वर्षांचा एक मुलगा पडला आणि गेला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या दिवशी सगळ्यांनीच लिहिलं. आदल्या फेऱ्यांमध्ये तो जिंकत होता तेव्हा कोणी लिहिलं नव्हतं. आयोजकांनी त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या शर्यती रद्द केल्या. मराठी पेपरांत वृत्तसंस्थेची बातमी आली, हळहळ व्यक्त झाली, आणि दोन दिवसांत सगळं शांत. मी दोन महिने वाट पाहिली की कोणीतरी पुढचा प्रश्न विचारेल. निदान मी वाचतो त्या पेपरांत तरी तो आला नाही.

पुढचा प्रश्न तयार होता, दोन वर्षांपूर्वीच. २०२१ मध्ये युरोपात चार महिन्यांत तीन मुलं गेली. मे महिन्यात मुजेल्लोला एकोणीस वर्षांचा जेसन दुपास्किए, जुलैत आरागॉनला चौदा वर्षांचा उगो मियान, सप्टेंबरात हेरेझला पंधरा वर्षांचा डीन बेर्ता विन्यालेस. तिघंही पडले, आणि मागून येणाऱ्या गाडीने त्यांना धडक दिली. २०१० मध्ये मिसानोला शोया तोमिझावा आणि २०११ मध्ये सेपांगला मार्को सिमोनचेल्ली गेले तेही असेच. या खेळात आजच्या सर्किटवर मरण बहुधा असं येतं. नुसतं पडल्याने क्वचितच. पोशाखात हवेची पिशवी असते, मोटोजीपीत ती २०१८ पासून सक्तीची आहे, कडेला खडीचा पट्टा असतो, भिंती मागे सरकवलेल्या असतात. ताशी दोनशे किलोमीटरवर पडलेला माणूस घसरत जातो, उठतो, चडफडत मोटारसायकलला लाथ मारतो. पण पडलेला माणूस ट्रॅकवरच राहिला आणि मागे दहा गाड्यांचा पुंजका असला, तर हेल्मेट आणि हवेची पिशवी यांचा उपयोग फारसा उरत नाही.

आणि पुंजके कुठे होतात? मुलांच्या गटात. तिथे गाड्या लहान, सगळ्यांच्या सारख्याच ताकदीच्या. पुढच्याच्या मागे हवेच्या आडोशाला राहिलं की मागचा फुकटात ओढला जातो, त्यामुळे कोणी सुटून पुढे जाऊ शकत नाही. पंधरावीस पोरं एका सेकंदाच्या आत वळणावर शिरतात. टीव्हीवर ते फार सुंदर दिसतं. मोठ्यांच्या हजार सीसीच्या गटात वेग दीडपट असतो, मुजेल्लोला २०२३ मध्ये ब्रॅड बाइंडरने ताशी ३६६.१ किलोमीटर गाठले, पण तिथे सहसा दोन-चार फेऱ्यांत माळ तुटते, अंतरं पडतात. म्हणजे ज्या गाडीचा आकडा ऐकून वाचक दचकतो, तिच्यापेक्षा जी गाडी "मुलांची, लहान" म्हणून आपण सोडून देतो तिच्यावर चिंता जास्त करायला हवी.

२०२१ च्या त्या तीन मृत्यूंनंतर युरोपात रान उठलं. पेपरांत लिहिलं गेलं, रायडर बोलले, डीनचा चुलतभाऊ मावेरिक विन्यालेस स्वतः मोटोजीपीत होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नवे नियम जाहीर झाले. जागतिक ग्रां प्रीत उतरण्याचं किमान वय काही अपवाद सोडून २०२३ पासून १८ झालं, खालच्या मालिकांची वयंही वाढली, मुलांच्या शर्यतीत एका वेळी किती जण उतरणार तो आकडा कमी केला.

आता सांगा, ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या बातमीखाली हे चार परिच्छेद का नव्हते? आपल्या नवोदित गटात किमान वय किती? एका वेळी किती मुलं उतरतात? पहिल्या वळणाच्या बाहेर किती मोकळी जागा आहे? धोक्याचा पिवळा झेंडा किती सेकंदांत निघाला, रुग्णवाहिका कुठे उभी होती? भारतातल्या मोटार क्रीडा मंडळांचा महासंघ, म्हणजे एफएमएससीआय, त्याने चौकशीत काय पाहिलं? हे प्रश्न विचारायला कोणी वाहनतज्ज्ञ लागत नाही. ट्रॅकवर एकदा शनिवार-रविवार काढलेला वार्ताहर लागतो. असा वार्ताहर आपल्याकडे नाही, कारण निकाल छापायचेच नाहीत तर त्याला पाठवायचं कशाला. साध्या रविवारी जो तिथे नसतो, त्याला वाईट रविवारी काय विचारायचं ते कळत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकी आरडाओरडा.

जाणकार नसल्याने काय होतं त्याचं एक उदाहरण परदेशातलं देतो. आयर्लंड आणि इंग्लंड यांच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर १९०७ पासून टीटी शर्यत होते. ती सर्किटवर नसते, बेटावरचे रोजच्या वापराचे रस्ते बंद करून होते. एक फेरी सुमारे साठ किलोमीटरची, घरांच्या दारांवरून, दगडी कुंपणांना चाटून. शंभराहून जास्त वर्षांत तिथे अडीचशेहून अधिक स्पर्धक गेलेत. जून २०२२ मध्ये साइडकारच्या, म्हणजे चालक आणि साथीदार अशा दोघांच्या तीनचाकी गाड्यांच्या, शर्यतीत दोन फ्रेंच स्पर्धकांना अपघात झाला. चालक सेझार शानाल गेला, त्याचा साथीदार ऑलिव्हिए लावोरेल अत्यवस्थ, असं आयोजकांनी जाहीर केलं आणि जगभर तसंच छापलं गेलं. काही दिवसांनी कळलं की ओळख उलटी झाली होती. गेला तो लावोरेल होता, जिवंत होता तो शानाल. तोही त्या ऑक्टोबरात गेला. चूक आयोजकांची होती, पण बातमी पुढे ढकलणाऱ्या शेकडो टेबलांपैकी किती जणांना त्या दोघांपैकी एकाचा तरी चेहरा ओळखीचा होता?

त्याच बेटाजवळ उत्तर आयर्लंडमध्ये याच्या उलट चित्र दिसतं. तिथल्या पेपरांत रस्त्यावरच्या शर्यती क्रीडापानाचा नेहमीचा भाग आहेत. बॅलीमनी गावचा जोई डनलप, पब चालवणारा, कमी बोलणारा माणूस, टीटी सव्वीस वेळा जिंकला. मोसम संपला की स्वतःच्या व्हॅनमध्ये कपडे आणि खाणं भरून रोमानिया, बोस्नियातल्या अनाथ मुलांसाठी एकटाच चालवत न्यायचा. २ जुलै २००० रोजी एस्टोनियात टाल्लिनला शर्यतीत तो गेला. अंत्ययात्रेला हजारोंचा लोंढा लोटला. त्याचा भाऊ रॉबर्ट २००८ मध्ये उत्तर आयर्लंडच्याच नॉर्थ वेस्ट २०० स्पर्धेच्या सरावात गेला, आणि दोनच दिवसांनी रॉबर्टचा मुलगा मायकल त्याच स्पर्धेत उतरून जिंकला. मायकलचा भाऊ विल्यम २०१८ मध्ये गेला. मायकल अजून धावतो, आणि २०२४ मध्ये त्याने काकाचा सव्वीसचा विक्रम मोडला. ही शर्यत बंद करावी का, हा वाद तिथेही तावातावाने होतो. पण वाद घालणाऱ्यांना त्या घराची तीन माणसं ठाऊक असतात. मला स्वतःला टीटी पाहवत नाही, खरं सांगतो. पण ती का होते, तिथली माणसं का उतरतात, हे मला कळलं ते त्या भागातल्या बातमीदारांमुळे, बळींचा आकडा सांगणाऱ्या मथळ्यांमुळे नव्हे. आणि एक विनंती: टीटीचा तो आकडा चेन्नईच्या किंवा मोतेगीच्या बातमीत चिकटवू नका. बंद केलेला गावरस्ता वेगळा, सर्किट वेगळं.

आपल्याकडे एकदा संधी आली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी पहिल्यांदा भारतात आली. त्या आठवड्यात काय काय छापलं? रायडरांचे व्हिसा अडकले, ते छापलं. प्रक्षेपणात भारताचा नकाशा जम्मू-काश्मीर आणि लडाखशिवाय दाखवला आणि नंतर माफी मागितली, ते ठळक छापलं. छापायलाच हवं होतं. कोणकोण पाहुणे आले तेही छापलं. मार्को बेझेक्की जिंकला हे मला शेवटच्या ओळीत सापडलं. उकाडा इतका होता की शर्यत चोवीस फेऱ्यांऐवजी एकवीस फेऱ्यांची केली, दुसरा आलेला होर्हे मार्तिन पाणी कमी पडून संपल्यावर खुर्चीत कोसळला, हे मराठीत कुठे वाचल्याचं आठवत नाही. चेन्नईचा के. वाय. अहमद मोटो३ गटात खास प्रवेशावर उतरला होता. घरच्या मैदानावर जागतिक शर्यतीत धावणारा भारतीय! त्याआधी २०११ मध्ये सरत कुमार १२५ सीसीत धावला होता, ग्रां प्रीत उतरणारा पहिला भारतीय. या दोघांची नावं आपल्या वाचकांपैकी किती जण सांगतील? आणि २०२४ ची शर्यत रद्द झाली, ती पुन्हा आलीच नाही, याचा पाठपुरावा तर कोणीच केला नाही. एखादं आयपीएलचं मैदान बदललं तर अग्रलेख येतो.

"वाचकांना हा खेळ कळत नाही" असं आपल्यापैकी काही जण म्हणतील. मग मला कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आठवतो. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. आदल्या दिवशीपर्यंत महाराष्ट्रात हा प्रकार किती जणांना ठाऊक होता? दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून नेम कसा धरतात, हे आपण आकृत्या काढून समजावलंत. राधानगरीच्या एसटीत माणसं त्यावर बोलत होती म्हणे. पुढच्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिला बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकला, तेव्हा टायब्रेकचे जलद डाव कसे खेळतात तेही आपण सांगितलंत. डकवर्थ-लुईस तर दोन दशकं सांगताय, आणि कोणालाही अजून कळलेलं नाही, तरी सांगताय. त्या मानाने पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६ गुण, आणि शनिवारच्या छोट्या स्प्रिंट शर्यतीत १२, ९, ७, हे फार अवघड नाही.

"आपला माणूस नाही" हेही म्हटलं जाईल. आहे ना. पुण्याचा सार्थक चव्हाण होंडाच्या एनएसएफ २५० आर गाड्यांच्या टॅलेंट कपमध्ये धावला, पुढे टीव्हीएसकडून आशियाई मालिकेत उतरला. राष्ट्रीय मालिकेच्या फेऱ्या मुख्यतः चेन्नई आणि कोईमतूरला होतात. पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या पोराला प्रत्येक फेरीसाठी हजार-बाराशे किलोमीटर जावं लागतं, सोबत बाप किंवा मामा, टायरचा खर्च वेगळा. मातीवरच्या सुपरक्रॉसला पुणे, नाशिक भागात गर्दी होते. त्यातली काही मुलं मग डांबरी ट्रॅककडे वळतात. जिल्हा आवृत्तीत तालुका पातळीच्या कॅरम स्पर्धेचा निकाल चौथ्या क्रमांकापर्यंत छापता. छापत राहा, मला तो आवडतो. त्याच्याच खाली हे बसेल.

मागणं मोठं नाही. मोटोजीपीच्या प्रत्येक रविवारनंतर सहा ओळींचा निकाल. पहिले तीन, गुणतक्त्यात कोण कुठे, आणि शर्यत कुठे फिरली त्याचं एक वाक्य. राष्ट्रीय आणि आशियाई फेऱ्यांचा निकाल, महाराष्ट्राचा कोणी असेल तर त्याचं गाव लिहून. कंपन्यांची प्रसिद्धिपत्रकं जशीच्या तशी लावू नका. त्यांत फक्त त्यांचाच रायडर जिंकलेला असतो आणि हरलेल्या दिवशी ती येतच नाहीत. अपघात झाला तर घाई करू नका, आणि आठवड्याने पुन्हा फोन करा. महासंघाला, आयोजकाला, डॉक्टरला. प्रातिनिधिक छायाचित्राचा तो फोल्डर एकदा कोणीतरी साफ करा.

आणि मोसमातून एकदा, फक्त एकदा, एका तरुण वार्ताहराला चेन्नईला पाठवा. ट्रॅक शहरात नाही, श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला इरुंगट्टुकोट्टईला आहे, बेंगळूरू महामार्गावर. १९९० मध्ये सुरू झालेला, पावणेचार किलोमीटरच्या आसपासचा. त्याआधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, त्या पाहिलेली म्हातारी माणसं अजून तिथे येतात आणि न विचारता बोलतात. वार्ताहराला मुख्य इमारतीतल्या गार खोलीत बसू देऊ नका, तिथे चहा आणि प्रसिद्धिपत्रकं मिळतात. त्याला मार्शलांबरोबर पहिल्या वळणावर उभं करा. झेंडे धरणारे हे बहुतेक स्वयंसेवक असतात, उन्हात दिवसभर उभे असतात, आणि कोण चांगलं चालवतो, कोण धोकादायक, हे त्यांना पहिल्या फेरीत कळतं. जाताना टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन जा म्हणावं.

त्याच्या पहिल्या बातमीत चुका असतील. मोटो२ आणि मोटो३ उलटसुलट होईल, एखाद्या इटालियन नावाचं भरीत होईल. मी दुरुस्तीचं पत्र पाठवीन, नेहमीच्या अक्षरात, पोस्टाने. तेही छापा.

आपला,
एक वाचक
चिंचवड